डावी फळी वर

मनोहरराव,

काल तळवलीला जाऊन शेड रिकामी केली. रिकामी करायला फारसं उरलंच नव्हतं. पंख ठेवायचे दोन लाकडी घोडे, तुमची पत्र्याची खुर्ची, माझं स्टूल, आणि डोपचा वास. कापड ताणून बसावं म्हणून पंखांवर आपण जे पातळ, नाकाला झोंबणारं रोगण थरावर थर देत होतो, त्याचा वास भिंतींत मुरला आहे. तो काढता येईना. हिराकाकू दारात उभ्या होत्या. शेड त्यांची, म्हणजे पूर्वी त्यांच्या भाताच्या पेंढ्याची. मी खिडकी उघडी ठेवायला लागलो तर म्हणाल्या, "ऱ्हाऊं द्या तो वास. सायेब हाईत असा वाटतं."

मी काही बोललो नाही. तुम्हाला माहीत आहे, अशा वेळी मी काही बोलत नाही. आज लिहायला बसलो त्याचं कारणही तेच. एक गोष्ट मी तुम्हाला सांगायला हवी होती आणि सांगितली नाही.

आपण एकाच जिन्यावरचे. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर, मी तळाला. नेरूळच्या त्या इमारतीत आठ वर्षं आपण एकमेकांना फक्त नमस्कार करत होतो. विमानांच्या वर्कशॉपमध्ये तुम्ही मोठ्या हुद्द्यावर आहात एवढंच मला ठाऊक होतं, आणि बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत मी ग्रंथालय सांभाळतो एवढं तुम्हाला. निवृत्त झाल्यावर सहाएक महिन्यांनी एका संध्याकाळी तुम्ही दार वाजवलंत आणि विचारलंत, "दीक्षित, तुम्हाला वाचायला आवडतं ना?" मला वाटलं, वेळ जात नाही म्हणून पुस्तक मागायला आला असाल. मी कपाटाकडे वळलोसुद्धा. तर तुम्ही काखेतून एक फुगलेलं, वाळवीने कडा खाल्लेलं बाड काढून माझ्या टेबलावर ठेवलंत. विमानाच्या देखभालीचं पुस्तक. म्हणालात, "हे वाचायचं आहे. रविवारी. मोठ्याने."

विमान आठवड्यापूर्वीच ट्रकवर घालून तळवलीला आणलं होतंत. देशावरच्या कुठल्याशा फ्लाइंग क्लबने वादळात उलटल्यावर मोडीत काढलेलं, दोन माणसांचं, कापडाच्या पंखांचं. इमारतीत बातमी पसरली तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी तुमच्याकडे येऊन गेले. विमान कंपाउंडमध्ये लावणार असाल तर मेंबरांची मीटिंग बोलवावी लागेल, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही अगदी गंभीरपणे त्यांना सांगितलंत, की नाही, गच्चीवर लावतोय, पाण्याच्या टाकीशेजारी. बिचारे दोन दिवस टाकीकडे बघत होते. वहिनींचा त्रागा वेगळा होता. घरातला मिक्सर तीन महिने बंद पडलाय आणि हे विमान दुरुस्त करायला निघाले, असं त्या जिन्यात भेटेल त्याला सांगायच्या. मिक्सर शेवटपर्यंत तुम्ही दुरुस्त केला नाहीत. परवा मी नेऊन दुरुस्त करून आणला. तेवढंच मला जमण्यासारखं होतं.

पहिल्या रविवारी मी शेडमध्ये शिरलो तेव्हा मला ते विमान वाटलंच नाही. पंख काढून बाजूला ठेवलेले, कापड फाटून लोंबत होतं, आतल्या बरगड्या उघड्या. मेलेल्या मोठ्या पक्ष्यासारखं काहीतरी. तुम्ही मला स्टुलावर बसवलंत आणि कामाची रीत सांगितलीत. वर्कशॉपमध्ये तुमची सगळी हयात याच रीतीत गेली होती. एकाने वाचायचं, एकाने करायचं. करणाऱ्याने कागद हातात घ्यायचा नाही आणि वाचणाऱ्याने पान्याला हात लावायचा नाही. वाचणाऱ्याने एक ओळ वाचायची. करणाऱ्याने ती करून "झालं" म्हणायचं. मग वाचणाऱ्याने त्या ओळीपुढे बरोबरची खूण करायची.

पहिल्याच ओळीला तुम्ही "झालं" म्हणालात आणि मी खूण केली. तुम्ही पाना खाली ठेवलात.

"काय बघून केलीत?"

"तुम्ही झालं म्हणालात."

"मी म्हणालो हे तुम्ही कानांनी ऐकलंत. खूण डोळ्यांनी करायची असते. इकडे या, बघा, आणि मग करा. मी काय म्हणतो ते सोडून द्या. माणूस थकलेला असतो, घाईत असतो, बायकोशी भांडून आलेला असतो. त्याच्या तोंडून 'झालं' असंच निघतं."

मनोहरराव, मी तीस वर्षं पुस्तकांत काढली. पुस्तकात लिहिलेलं खरं धरून चालायचं हा माझा धर्म. लिहिलेल्या ओळीकडून उठून प्रत्यक्ष वस्तूपाशी जायचं, वाकून बघायचं आणि मग होकार द्यायचा, हे मला पन्नाशी उलटल्यावर तुम्ही शिकवलंत. खिळा ओळखता न येणाऱ्या माणसाला तुम्ही बेअरिंगची खडखड आणि निरोगी फिरणं यांतला फरक बोटांना कळेपर्यंत शिकवलात. त्याबद्दल मी तुमचे कधी आभार मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही विषय बदलला असता, तेही खरं.

दोन वर्षं आपले रविवार असे गेले. मी ते बाड घरी नेऊन त्याची पानं पातळ कागदाने आणि खळीने जोडली, नवा पुठ्ठा चढवला. तुम्ही ते उलटसुलट बघून म्हणालात, की तुमचं आणि माझं काम एकच आहे, सांगाडा नीट करून वर कापड चिकटवणं. माझी कोणी केलेली ही सगळ्यात मोठी स्तुती होती.

कापड शिवायचे दिवस मला सगळ्यात जास्त आठवतात. पंख कडेवर उभा केलेला, एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला मी. मेण लावलेला दोरा, वीतभर लांबीची सुई. तुम्ही सुई आरपार घालायची, मी बरगडीच्या पलीकडून ती परत पाठवायची, तुम्ही गाठ मारायची. वाचणाऱ्याने हात लावायचा नाही हा नियम तेवढ्यापुरता तुम्ही मोडलात, आणि त्याबद्दल स्वतःलाच दोनदा बजावलंत. कापडाच्या दोन बाजूंना उभं राहून आपण एकमेकांना न बघता तासन्‌तास बोलायचो. तुमच्या वडिलांबद्दल, माझ्या न झालेल्या लग्नाबद्दल, तुमच्या गेलेल्या मुलीबद्दल. समोरासमोर बसून आपण यातलं काहीही बोललो नसतो. हिराकाकू येऊन बघत बसायच्या. एकदा म्हणाल्या, "आवरं शिवताव तं माज्या गोधरीला दोन टाके घाला की." तुम्ही खरंच घातलेत. तीच वीतभर सुई, तीच गाठ. त्या गोधडीचं बाकी सगळं फाटेल, पण तो कोपरा फाटणार नाही.

भांडणंही झाली. ओल्या हवेत डोप दिला तर तो पांढरा पडतो, पांढरा पडला की त्यात जोर राहत नाही. त्यामुळे आपल्याकडे पावसाळाभर हात बांधून बसणं आलं. चार महिने मला उपास घडला. मी म्हणायचो, शेडमध्ये दिवे लावून हवा गरम करू, दारं बंद करू. तुम्ही म्हणायचात, खाडीच्या काठावर दार बंद करून हवा कोरडी होत असती तर मिठागरवाले वर्षभर मीठ पिकवत बसले असते. दसऱ्यापर्यंत थांबलो. तुमचंच बरोबर होतं.

दुसरं भांडण मात्र मिटलं नाही. तुम्ही त्या विमानाला रेडिओ बसवायचं ठरवलंत, बॅटरी, चाकांना नवे ब्रेक, आणि उंची-वेग दाखवणारी जुनी गोल घड्याळं काढून नवीन उपकरणांची पाटी. मला ती घड्याळं प्यारी. त्यांच्या पितळी कडा, काट्यांवरचा फिकट हिरवा रंग. मी म्हटलं, जुनी प्रत दुरुस्त करताना आम्ही मूळ अक्षर बदलत नाही. तुम्ही म्हणालात, "तुमची प्रत कपाटात राहते. हे आकाशात जाणार आहे आणि त्यात माणूस असणार आहे. जुनं जपायचं असेल तर ते संग्रहालयाला द्या. उडवायचं असेल तर आजचे नियम." त्यावर मी काही तरी बोललो, तुम्ही काही तरी बोललात, आणि तो वाद आपण दर महिन्याला नव्याने काढायचो. जुनी घड्याळं काढलीत ती तुम्ही फेकली नाहीत, माझ्या घरी आणून ठेवलीत. मी हरलो असं त्यावरून धरायचं की जिंकलो, हे अजून ठरलेलं नाही.

आता त्या शनिवारबद्दल.

त्या वर्षी तुम्ही थोडे विसरायला लागला होतात. थोडेच. एकच प्रश्न दोनदा विचारायचात. पाना हातात असताना पाना शोधायचात. एकदा ठाणे-बेलापूर रस्त्यावर बसमधून उतरल्यावर तळवलीचं वळण कुठलं हे तुम्हाला क्षणभर आठवलं नाही, आणि चपलेचा अंगठा निघाला असं दाखवून तुम्ही मी पुढे होईपर्यंत खाली वाकून राहिलात. मी पुढे झालो. मागे वळून बघितलं नाही. वहिनींनाही काही सांगितलं नाही. त्यांनाही दिसत होतं आणि त्यांनीही मला सांगितलं नाही.

त्या शनिवारी कचेरीला सुट्टी होती म्हणून आपण सकाळीच गेलो. पंख जोडून झाले होते. पंखाच्या मागच्या कडेला ज्या हलत्या पट्ट्या असतात त्यांना तुम्ही एलेरॉन म्हणायचात आणि मी फळी. वैमानिकाने हातातली स्टिक डावीकडे केली की डावी फळी वर जाते, उजवी खाली, आणि विमान डावीकडे कलतं. हे सगळं पंखातून जाणाऱ्या पोलादी केबलींवर चालतं. केबली अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या तर उलटं होतं. वैमानिक डावीकडे वळवतो आणि विमान उजवीकडे कलतं. जमिनीवरून नुकतंच सुटलेलं असेल तर काय झालं हे कळायच्या आत सगळं संपतं. हे तुम्हीच मला सांगितलं होतंत, पहिल्या महिन्यातच.

मी वाचलं, "स्टिक डावीकडे. डावी फळी वर."

तुम्ही आत वाकून स्टिक डावीकडे केलीत. तुमचं तोंड माझ्याकडे होतं, पंखाकडे पाठ. म्हणालात, "झालं."

डावी फळी खाली गेली होती.

मी बघितलं. शिकवल्याप्रमाणे जागेवरून उठून, दोन पावलं पुढे येऊन बघितलं. त्यात शंकेला जागा नव्हती. मग मी तुमच्याकडे बघितलं. तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. दोन वर्षांचं काम संपत आल्याचं. मला एकदम त्या वळणावर खाली वाकलेले तुम्ही आठवलात. आणि मी खूण केली, मनोहरराव. त्या ओळीपुढे, शाईने.

मी पुढची ओळ वाचली. तुम्ही "झालं" म्हणालात.

घरी येऊन मला जेवण गेलं नाही. नियंत्रणाच्या कामाला दोन इंजिनियरांची सही लागते, एक करणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. तपासायला शेखर येणार होता. शेखर म्हणजे तुमच्या हाताखाली तयार झालेला, आता स्वतःच चाळिशीचा इंजिनियर. त्याने आठवड्यापूर्वीच मला हसत सांगितलं होतं, "काका, साहेबांचं काम मी काय चेक करणार? मी फक्त सहीला येतोय." मला ते आठवत राहिलं. तुमच्या माणसांत तुमच्याबद्दल एवढा आदर होता की त्या आदरानेच एखादा माणूस मेला असता. शेखरच्या आदराने आणि माझ्या.

रविवारी सकाळी जिन्यात वहिनींना दूध आणायला जातो म्हणून सांगून निघालो आणि कोपऱ्यावरच्या फोन बूथमधून त्याला फोन केला. फळीचं सांगितलं. त्याने मला ते दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाला, "तुम्ही त्यांना का नाही सांगितलं?" मी म्हटलं, तू आपणहून तपासतोयस असं दाखव. माझं नाव घेऊ नकोस. त्याने घेतलं नाही.

दुपारी तो शेडवर आला. तुमच्या पाया पडला, चहा प्यायला, हिराकाकूंशी थट्टा केली. मग सहज केल्यासारखं आत वाकला आणि स्टिक डावीकडे केली. या वेळी तुमचं तोंड पंखाकडे होतं.

तुम्ही पंखापाशी गेलात. खाली बसलात, झडप उघडून आतल्या पुलींकडे बघितलंत, पुन्हा उभे राहिलात. माझ्याकडे हात केलात. मी खुणांचे कागद दिले. त्या ओळीवर तुमचं बोट थांबलं. खुणेवर. मला वाटलं, आता विचारतील. तुम्ही शेखरकडे वळलात आणि म्हणालात, "दीक्षितांचा दोष नाही. मी झालं म्हटलं म्हणून त्यांनी केलं. ते पुस्तकातले माणूस, त्यांना काय कळणार." आणि खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलंत. "यापुढे सही तू कर. तपासायला दुसरा आण."

तो "अहो साहेब" म्हणाला. तुम्ही ऐकलं नाहीत. केबली काढून दोन तासांत पुन्हा जोडल्यात, तुमच्याच हातांनी. पण तुमच्या स्वतःच्या विमानावर तुमची सही त्यानंतर झाली नाही. चाळीस वर्षांची सही होती ती.

परतताना बसमध्ये आपल्याला शेवटची जागा मिळाली. घणसोली गेल्यावर तुम्ही खिडकीबाहेर बघत म्हणालात, "दीक्षित, एक विचारू?"

"विचारा."

"तुम्हाला दिसलं नव्हतं ना?"

मी म्हणालो, "नाही."

तुम्ही मान हलवलीत. जरा वेळाने म्हणालात, "बरं झालं. मला वाटलं, दिसूनही गप्प राहिलात. तसं असतं तर मग मी कोणाच्या भरवशावर झालं म्हणायचं?"

त्यानंतर काम संपेपर्यंत तुम्ही एक गोष्ट नवी सुरू केलीत. "झालं" म्हटल्यावर माझ्याकडे बघत राहायचात, मी उठून, वाकून, बघून खूण करेपर्यंत. तुमच्या डोळ्यांत संशय नव्हता. संशय असता तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही माझ्यावर टेकला होतात, आणि ज्यावर टेकलात ते मी आधीच मोडलं होतं.

विमान जुहूच्या धावपट्टीवर न्यायच्या दिवशी हिराकाकू नारळ घेऊन आल्या. तुम्ही म्हणालात, विमानाजवळ नारळ नाही, करवंटीचा एक कपचा इंजिनाच्या तोंडात गेला तर दोन वर्षं वाया. त्या म्हणाल्या, "नारल फोरल्याबिगर काय वर जात नाय, सायेब." शेवटी शेडपासून पन्नास पावलं मोजून रस्त्याच्या पलीकडे नारळ फुटला, आणि तिथेही तुम्ही स्वतः वाकून सगळे कपचे वेचलेत. ट्रक निघाल्यावर तुम्ही खोबरं खात मला म्हणालात, की ही बाई चांगली तपासनीस झाली असती, काम पुरं झालेलं दिसल्याशिवाय सोडत नाही.

आणि मग जुहूची ती थंडीतली सकाळ. वैमानिक एकटाच वर गेला, दोन फेऱ्या मारून उतरला, अंगठा दाखवला. दुसऱ्या खेपेला शेजारची जागा रिकामी होती. सगळे तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही माझ्याकडे. म्हणालात, "जा, दीक्षित. वाचणाऱ्याने आधी बसायचं." मी म्हटलं, मला उंचीची भीती वाटते. तुम्ही खो खो हसलात. मला उंचीची भीती वाटत नाही, मनोहरराव. त्या जागेवर मी कोणत्या तोंडाने बसणार होतो?

तुम्ही गेलात. वीस मिनिटं. समुद्रावर ते विमान एवढंसं झालं, वळलं, पुन्हा मोठं झालं. उतरल्यावर तुमचे केस उभे राहिले होते आणि लहान मुलासारखे तुम्ही पावलं चुकवत माझ्याकडे आलात. मी विचारलं, समुद्र कसा दिसतो वरून. तुम्ही म्हणालात, "समुद्र बघितलाच नाही हो. डावीकडे वळताना फळी बघत होतो. डावी वर." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "पुढच्या खेपेला तुम्ही. भीती गेली पाहिजे."

त्या क्षणी सांगता आलं असतं. तुम्ही एवढे आनंदात होतात की काहीही ऐकून घेतलं असतंत. म्हणूनच मी सांगितलं नाही. आनंद मोडायचा नाही, असं मी स्वतःला म्हटलं. आधी दुःख व्हायला नको म्हणून गप्प बसलो होतो, आता आनंद जायला नको म्हणून. भित्र्या माणसाला कारणांची कधी वाण पडत नाही.

पुढची खेप झाली नाही. पाच आठवड्यांनी, दुपारच्या चहाआधी, खुर्चीत बसल्या बसल्या तुम्ही गेलात. वहिनींनी मला हाक मारली तेव्हा मी अर्ध्या जिन्यातच ओळखलं.

तुम्ही गेल्यापासून मी ते कागद घेऊन बसतो. त्या ओळीपुढची माझी खूण सुबक आहे. तुम्हाला सांगणं आता होणार नाही, म्हणून काल शेडवरून आल्यावर वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. खूण केल्याचं, फोनचं, बसमधल्या "नाही"चं. त्या तुमचे चष्मे एका डब्यात ठेवत होत्या. ऐकत ठेवत राहिल्या. मला वाटलं होतं, रडतील किंवा उठून जातील. तुमची सही गेल्यावर तुम्ही घरी आठ दिवस नीट जेवला नव्हतात, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं होतं.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "मग तेव्हाच सांगायचं होतंत, भाऊजी. रागावले असते. भयंकर रागावले असते. दोन दिवस बोलले नसते तुमच्याशी."

मी विचारलं, "आणि मग?"

"मग काय? तिसऱ्या दिवशी वाचायला घेऊन गेले असते. त्यांना दुसरं होतं कोण?"

मी खाली आलो. दार लावून घेतलं. दोन दिवस, मनोहरराव. मी ज्याला एवढा भ्यालो, ते एवढंच होतं. तुमचे ते दोन दिवस माझ्या हक्काचे होते आणि मी ते घेतले नाहीत.

आज तुम्ही बोलत नाही त्याला बारा दिवस झाले.